भाडोत्री म्हणायचं तरी कुणाला?

१६ सप्टेंबर २००७, बगदादचा निसूर चौक. ट्रॅफिक थांबलेलं, त्यात एक पांढरी किया, चालवणारा मेडिकलचा विद्यार्थी आणि शेजारी त्याची डॉक्टर आई. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सुरक्षेचं कंत्राट घेतलेल्या ब्लॅकवॉटर या खासगी कंपनीच्या गार्ड्सनी गोळीबार सुरू केला, मायलेक दोघंही गेले, आणि इराकी तपासाप्रमाणे एकूण १७ जण.

कुणालाही वाटेल की खून इराकमध्ये झाला तर खटलाही तिथेच चालेल. नाही चालला. कारण अमेरिकेच्या ताब्यातल्या प्रशासनाने ऑर्डर १७ काढून कंत्राटदारांना इराकी कोर्टापासून आधीच सूट देऊन ठेवलेली. मग केस वॉशिंग्टनला, साक्षीदारांनी एवढ्या लांब जाऊन साक्ष द्यायची, चौघे दोषी ठरले ते २०१४ ला, आणि डिसेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी चौघांनाही माफी देऊन टाकली. मला हे वाचून खरंच चीड आली होती.

मग अशा कंपन्या कायदेशीर आहेत का? सगळ्या जगाला लागू होईल अशी सरसकट बंदी कुठेच नाहीये. भाडोत्री सैनिकाची व्याख्या आहे, जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या प्रोटोकॉलमध्ये, कलम ४७, पण तिच्यात सहा अटी आणि सहाच्या सहा एकदम लागू पडायला हव्यात, एक निसटली की माणूस सुटला. मुख्यतः पैशासाठीच लढला हे सिद्ध कसं करणार? आणि लढणाऱ्या देशाचाच नागरिक असला तर तो व्याख्येबाहेरच. १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा वेगळा करार आहे, पण अमेरिका, रशिया, चीन तिघंही त्यात नाहीत. २००८ चं माँत्रो डॉक्युमेंट, म्हणजे अशा कंपन्यांबाबत देशांनी काय पाळावं हे सांगणारा दस्तऐवज, तर बंधनकारकच नाही.

रशियात भाडोत्री सैनिक होणं हा गुन्हा आहे, कलम ३५९. तरी वॅगनर ही रशियाची खासगी लष्करी कंपनी सीरियात लढली, युक्रेनमध्ये लढली. जून २०२३ मध्ये पुतिन म्हणाले की वॅगनरचा सगळा खर्च सरकारने केला, आणि पुढच्याच महिन्यात म्हणाले की खासगी लष्करी संघटनांचा कायदाच नाही, म्हणजे कायद्याने वॅगनर अस्तित्वातच नाही.

वॅगनर मालीमध्येही होती. तिथल्या मोरा गावात मार्च २०२२ मध्ये किमान ५०० माणसं मारली गेली, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. मारणारे मालीचे सैनिक आणि त्यांच्यासोबतचे 'परदेशी लष्करी कर्मचारी'. फिर्याद द्यायची झाली तर आरोपीच्या नावापुढे एवढंच लिहिता येईल.