पावसाआधी वायपरचं रबर

नमस्कार श्रोतेहो. मे महिना संपत आलाय. घरात छत्र्या बाहेर निघाल्या असतील, छपरावरची कौलं, पन्हळी बघून झाल्या असतील. आज मला बोलायचंय ते तुमच्या दारातल्या जुन्या गाडीबद्दल, तिच्या काचेवरच्या त्या बोटभर रुंद रबराबद्दल. वायपरचं रबर.

माझ्याकडे १९९६ सालची मारुती ८०० आहे. आईला घेऊन मी कराडहून चिपळूणला मामाकडे निघालो होतो. जुलैचा महिना. पाटण सोडलं तेव्हाच वायपर कर्र कर्र करत होता. वाटलं, काच कोरडी असेल. कोयनानगर आलं आणि पाऊस असा कोसळायला लागला की समोरच्या एसटीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. हेळवाकच्या पुढे माझ्या बाजूचं रबर एका टोकाने सुटलं. काचेवर सापासारखं वळवळलं आणि निघूनच गेलं. राहिलं नुसतं लोखंड, आणि ते काचेवर घासायला लागलं. तो आवाज अजून माझ्या दातात बसलाय.

पुढे कुंभार्ली घाट. मी चहाच्या टपरीपाशी गाडी घेतली. तिथे एक ट्रकवाले काका चहा पीत उभे होते. त्यांनी आवाज ऐकला आणि कप हातात घेऊनच पावसात आले. म्हणाले, "आधी बंद करा ते! काच जाईल कामातनं." मग काचेकडे बघून म्हणाले, "डावीकडचं काढा आन् उजवीकडं लावा. गाडी तुमाला चालवायचीया, आईस्नी न्हाई."

श्रोतेहो, हे मला सुचलं नव्हतं. दोन ब्लेड, म्हणजे रबर धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, होते, एक चांगला होता आणि तो चुकीच्या बाजूला होता. काकांनी दोन मिनिटांत अदलाबदल केली. उघड्या पडलेल्या डाव्या दांड्याला गुंडाळायला आईने पिशवीतून जुन्या लुगड्याचा तुकडा काढून दिला, तो सुतळीने घट्ट बांधला. मग काकांनी चंचीतून चिमूटभर तंबाखू काढली, ओली केली आणि आईच्या बाजूच्या काचेवर चोळली. पाणी थेंबाथेंबाने न थांबता पसरून खाली वाहायला लागलं. जुन्या ड्रायव्हर लोकांची ही युक्ती. आई आतून म्हणाली, "अरे, मला दिसतंय की!" पोफळीपर्यंत आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. काकांनी चहाचे पैसेसुद्धा मला देऊ दिले नाहीत. घाट उतरताना दोन गाड्या समोरून चारही इंडिकेटर लुकलुकत आल्या. पावसात असं करू नका हो. तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळतच नाही. साधे हेडलाइट लावा, लो बीमवर. असो.

आता रबर. उन्हाने ते कडक होतं, कडेला बारीक चिरा पडतात आणि मग ते पाणी पुसत नाही, नुसतं फासतं. काचेवर रेघा राहतात, धुरकट पट्टा राहतो, तेव्हा समजायचं, रबर गेलं. अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईने १९०३ साली वायपरचं पेटंट घेतलं. आतून दांडी हलवायची, बाहेर रबराची पट्टी फिरायची. मोटर आली, बटण आलं, पण काच पुसतं ते रबरच.

दुकानात नुसतं रबर मागितलं तर अख्खा ब्लेड पुढे करतात. ब्लेडचे सांधे सैल नसतील, तो गंजला नसेल, तर नुसतं रबर बदला. धड वस्तू फेकायची ही नवी सवय मला पटत नाही. आपल्या गल्लीत छत्रीची काडी बसवून देणारा माणूस यायचा, तोही आता येत नाही.

दांडा उभा केला की आधी काचेवर जाड पंचा घाला. पुन्हा सांगतो, आधी पंचा. दांड्याला स्प्रिंग असते. ब्लेड काढलेला दांडा हातातून निसटून काचेवर आपटला तर काच तडकते. मग दांड्याच्या टोकाला ब्लेड अडकवायचा आकडा असतो, त्यापाशी छोटी जीभ असते, ती दाबायची आणि ब्लेड दांड्याच्या बुडाकडे ओढायचा, की सुटतो. रबराच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या बारीक पट्ट्या असतात. त्या टाकू नका, नव्या रबरासोबत मिळतीलच असं नाही. पट्ट्यांचा बाक आधी होता तसाच ठेवायचा, नाहीतर रबर मधे टेकतं आणि टोकं उचलली जातात. रबर धरून ठेवणाऱ्या ब्लेडच्या सगळ्या नख्यांतून रबर ओवायचं, एकही नखी चुकवायची नाही. शेवटची नखी रबराच्या खाचेत बसली पाहिजे. माझं रबर निसटलं ते तिथूनच.

नवं रबर बसवूनही कर्र कर्र होत असेल तर दांडा वाकलेला आहे का बघा. रबराची धार काचेवर ताठ उभी हवी, म्हणजे जाताना एका अंगाला आणि येताना दुसऱ्या अंगाला लवते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने धार पुसा, फडक्याला काळं लागायचं थांबेपर्यंत. रॉकेल, डिझेल, पेट्रोल लावू नका, रबर फुगतं. आणि कोरड्या काचेवर वायपर चालवू नका. धूळ असेल तर आधी पाणी. कोरड्या काचेवर नाही, आधी पाणी.

माझ्या गाडीच्या काचेवर तो चंद्रकोरीसारखा ओरखडा अजून आहे. रात्री समोरून उजेड आला की चमकतो. काढलेल्या ब्लेडपैकी एक धड ब्लेड, एक पंचा आणि हातभर सुतळी मी डिकीत ठेवतो. तुम्हीही ठेवा. नमस्कार.