दाताच्या वाटेत दात

नऊ वर्षांच्या मुलाचा हसरा चेहरा. वरचा उजवा पटाशीचा दात येऊन वर्ष झालंय. डावीकडे मात्र दुधाचाच दात ठाण मांडून बसलाय, हलायचं नाव नाही. दुखत नाही, सूज नाही. मग घरचे म्हणतात, ‘येईल आज ना उद्या.’

जोडीचा दात येऊन सहा महिने उलटले, तरी दुसरा दिसत नसेल, तर एक्स-रे काढावा. इथेच बहुतेकांचा वेळ जातो.

हा बघा एक्स-रे. पांढऱ्या कणांचा पुंजका, भोवती बारीक काळी कड आणि त्याच्या वर, हाडातच अडकलेला कायमचा दात. या पुंजक्याला म्हणतात ओडोन्टोमा, म्हणजे दाताची गाठ. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६० च्या दशकात दिलेलं हे नाव.

‘गाठ’ म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो. पण हा कर्करोग नव्हे. इनॅमल म्हणजे दाताचं कठीण आवरण, डेंटीन म्हणजे त्याखालचा थर, सगळा माल दाताचाच. फक्त घडण बिघडलेली. कधी तांदळाच्या दाण्यांएवढे इवलेसे दात तयार होतात, बहुधा जबड्याच्या पुढच्या भागात. कधी आकार नसलेला एकच कठीण गोळा, तो बहुधा खालच्या दाढांकडे. किती दात? २०१९ मध्ये चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ निघाले! असं क्वचितच, एरवी मोजणी बोटांवर होते.

शस्त्रक्रिया तशी छोटी. भूल देऊन हिरडी बाजूला करतात, हाडाला छोटी खिडकी पाडतात. मग एकेक कण आणि त्यांच्याभोवतीची पिशवी काढायची. घाई चालत नाही, कारण मागे ज्याच्यासाठी हा खटाटोप चाललाय तो दात आहे. त्याला धक्का लागता कामा नये. काढलेला भाग तपासणीला जातो, हिरडीला टाके पडतात. पूर्ण काढलेली गाठ सहसा परत होत नाही.

त्यानंतर पुन्हा वाट पाहणं. पण या वेळी कारण माहीत असतं. दाताचं मूळ पुरतं तयार झालेलं नसेल आणि जागा मोकळी असेल, तर दात बरेचदा आपणहून खाली सरकतो. नाहीच सरकला, तर त्याच्यावर एक बटण चिकटवून बारीक साखळी जोडतात. तिचं दुसरं टोक शेजारच्या दातांवरच्या तारेला. दर काही आठवड्यांनी डॉक्टर ती थोडी थोडी आखडत नेतात. महिनोन्‌महिने हे चालतं आणि एक दिवस हिरडीतून पांढरी कड डोकावते.