साठ फुटांची दोरी

(दृश्य : सांगलीतल्या एका शाळेचं मैदान. सकाळचे सात. दोन मुली नायलॉनची दोरी उलगडतायत.)

सॉफ्टबॉलचं मैदान आखायच्या या दोरीवर लाल रिबिनीच्या चार खुणा आहेत. पहिली ४३ फुटांवर, दुसरी ६० वर, तिसरी ८४ फूट सव्वादहा इंचांवर आणि चौथी १२० फुटांवर, अगदी शेवटाला. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर जिथं उभी राहते त्या पाटीच्या, मागच्या टोकाशी खुंटी ठोकायची आणि दोरी मैदानाच्या मध्यात सरळ ताणायची. ४३ च्या खुणेवर पिचरची, म्हणजे चेंडू टाकणारीची, पाटी येते, ८४ फूट सव्वादहा इंचांवर सेकंड बेसची खुंटी. मग १२० ची खूण त्या सेकंड बेसच्या खुंटीला अडकवायची, ६० ची खूण हातात धरायची आणि उजवीकडे चालत सुटायचं. दोरी दोन्ही बाजूंनी ताठ झाली की पायाखाली फर्स्ट बेस, बॅटरनं धावत गाठायचा पहिला टप्पा. तसंच डावीकडे गेलं की थर्ड बेस. गुण्या लागत नाही, टेप लागत नाही. नववीतल्या दोघीजणी दहा मिनिटांत चौकोन आखतात आणि मागून तिसरी फक्की टाकत येते.

मुलांची मॅच असली तर पिचरची पाटी तीन फूट मागे सरकते, ४६ वर. बाकी मैदान तेच.

मी याच मैदानावर शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये, उभी राहायचे. तेव्हा सरांनी काथ्याची दोरी केली होती. पावसात भिजली की ती आखडायची आणि बेस जवळ यायचे. आम्हाला वाटायचं, आज आपण फार जोरात पळालो.

(दृश्य : घराच्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट. आत रजिस्टरं, हेल्मेट, ग्लोव्हज.)

जिल्ह्याची क्रीडा संघटना म्हटलं की डोळ्यांपुढं ऑफिस, टेबल, भिंतीवरची पाटी येते. आमची सॉफ्टबॉलची संघटना या कपाटात राहते, आणि सर तिचे सचिव. वरच्या कप्प्यात सभेचं इतिवृत्त, पावतीपुस्तक, ऑडिटच्या फायली. मधल्यात स्कोअरशीट. खालच्या कप्प्यात कॅचरचा, म्हणजे प्लेटमागे चेंडू झेलणारीचा, मास्क, चेस्ट गार्ड, पायाचे पॅड आणि ग्लोव्हज. डावखुऱ्या मुलीला चालेल असा ग्लोव्ह एकच. दोन डावखुऱ्या मुली एका संघात आल्या तर सर एकीला फर्स्ट बेसला उभी करतात आणि दुसरीला वाट बघायला सांगतात. कपाटाची किल्ली सरांच्या घरी खिळ्याला टांगलेली असते. सर नसले तर वहिनी सामान काढून देतात, आणि वहीत लिहूनही घेतात.

हा खेळ जन्माला आला १८८७ साली, शिकागोच्या एका बोट क्लबात. बॉक्सिंगचा ग्लोव्ह गुंडाळून चेंडू केला, झाडूचा दांडा बॅट म्हणून घेतला आणि चार भिंतींच्या आत बेसबॉल सुरू झाला. भारतात १९६१ साली राष्ट्रीय संघटना झाली, जोधपूरला. इतका लांबचा खेळ कृष्णाकाठी का रुजावा?

कारण अगदी साधं आहे. शाळेच्या मैदानाचा अर्धा भाग मुलांच्या क्रिकेटचा असतो. उरलेल्या अर्ध्यात साठ फुटांचा चौकोन बसतो. त्यात खो-खो खेळलेल्या मुली असतात. सांगलीच्या शाळांत खो-खो आणि कबड्डी मुलींच्या अंगातच असते. झेपावणं, खाली बसून वळणं, समोरच्याच्या खांद्यावरून त्याची चाल ओळखणं हे त्या आधीच शिकलेल्या असतात. बेसवर स्लाईड, म्हणजे घसरत जाऊन बेस गाठणं, शिकवायला नव्या मुलीला आठवडा लागतो. खो-खोच्या मुलीला गुडघे फोडून घ्यायची सवय असते, ती दुसऱ्या दिवशी स्लाईड मारते.

अवघड आहे ते बॅटिंग. ४३ फुटांवरून ताशी ९० किलोमीटरने आलेला चेंडू अर्ध्या सेकंदात प्लेटवर असतो, तोही खालून, कमरेजवळून सुटलेला. मारायचं की सोडायचं हे तेवढ्यात ठरवायचं. हे सांगून शिकवता येत नाही. पुन्हा पुन्हा उभं राहावं लागतं. आणि तेच आमच्या मुलींच्या वाट्याला येत नव्हतं.

(दृश्य : काळ्या पाटीवर खडूने काढलेला बाद पद्धतीचा तक्ता.)

हे जरा सावकाश सांगते, कारण संघटनेत जे काही बदललं ते इथून बदललं.

शालेय स्पर्धा जिल्ह्यावरून विभागाला जाते. आपला विभाग कोल्हापूर : सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पुढे राज्य. जिल्ह्याची स्पर्धा बाद पद्धतीची. सोळा संघ आले तर पंधरा सामने होतात आणि पहिल्याच सामन्यानंतर आठ संघ घरी जातात. पूर्ण सामना सात डावांचा, डावाला तीन आऊट, म्हणजे एका संघाच्या वाट्याला एकवीस आऊट. नऊ मुलींत वाटून बघा, एकीला बॅटिंग येते दोनदा, तीनदा. वेळ नाही म्हणून सामना पाच डावांचा केला तर कधी कधी दोनदासुद्धा नाही. जूनपासून सराव करायचा, सकाळी सहाला उठायचं, घरच्यांची समजूत घालायची आणि वर्षभरात बॅट हातात घेऊन प्लेटवर उभं राहायचं दोन वेळा.

कुठलीही मुलगी यातून खेळाडू होणार नाही.

सरांना हे कळत होतं, पण संघटनेच्या बैठकीत हा हिशेब पहिल्यांदा मांडला तो एका तरुण मॅडमनी. त्या गणित शिकवतात. त्यांनी पाटीवर एवढंच लिहिलं : सोळा संघ बाद पद्धतीने, १५ सामने. सहा संघ साखळीने, म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी, तेही १५ सामने. पंच तेवढेच, चेंडू तेवढेच, मैदान तेवढंच. साखळीत मात्र सगळ्यात खालच्या संघातली मुलगीसुद्धा पाच सामने खेळते.

त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले, "मॅडम, रविवार आमचे सगळे जाणार म्हणा की."

गेलेच. रविवारची साखळी सुरू झाली ती सहा संघांवर. चार शाळांचे, एक कॉलेजच्या मुलींचा आणि एक माजी खेळाडूंचा. आम्हा माजी मुलींच्या संघात दोघी लेकरं घेऊन यायच्या. एकीची बॅटिंग आली की दुसरी लेकरू घ्यायची. त्या संघानं फारसे सामने जिंकले नाहीत, पण शाळेतल्या मुलींना पहिल्यांदाच दिसलं की दहावीनंतरही खेळता येतं, लग्नानंतरही येतं.

(दृश्य : स्कोअरशीट. पेन्सिलीनं भरलेले छोटे चौकोन. एकात लिहिलंय : ६-३.)

हे ६-३ काय आहे ते सांगते. सॉफ्टबॉलमध्ये प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राईट फील्ड ७, ८, ९. तेव्हा ६-३ म्हणजे शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलला आणि फर्स्ट बेसला फेकून बॅटरला आऊट केलं. एका चौकोनात दोन आकडे, पण दहा वर्षांनी वाचलं तरी चेंडू कुठून कुठं गेला ते डोळ्यांसमोर उभं राहतं. मी अजूनही शीट भरायला बसले आणि ६-३ लिहायची वेळ आली की हात क्षणभर थांबतो.

या कागदाचं मोल खेळापुरतं नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. त्यामुळे संघटनेच्या सचिवाची सही ही फार जड गोष्ट झाली आहे. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आलेली आहेत. त्यात नाव एका खेळाचं खराब होतं आणि त्रास खऱ्या खेळाडूला होतो. सरांच्या दारातही पालक येतात. "सर, पोरगी संघात बसली होती की हो, तेवढं सर्टिफिकेट द्या." बसली होती हे खरंही असतं. सर कपाट उघडतात, त्या सामन्याचं शीट काढतात आणि समोर ठेवतात. नाव असेल तर सही, नसेल तर चहा. मला विचाराल तर जिल्हा संघटनेची अब्रू या एका सवयीवर टिकून आहे.

(दृश्य : आयर्विन पूल. पात्रातलं शांत पाणी.)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी या पुलाशी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा कपाट ज्या घरात होतं तिथं छातीइतकं पाणी आलं. माणसं सुखरूप निघाली, कपाट राहिलं. पाणी उतरल्यावर मुली चिखल उपसायला आल्या. चामड्याचे ग्लोव्हज फुगले होते. ते उन्हात टाकले की कडक होऊन तडकतात, म्हणून सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले. रोज बोळे बदलायचे, थोडं खोबरेल चोळायचं. निम्मे वाचले. वरच्या कप्प्यातल्या फायली ओल्या झाल्या तरी सुटल्या. मधल्या कप्प्यातली स्कोअरशीट मात्र लगदा झाली.

पुढं एका मुलीची भरतीत निवड झाली आणि तिच्या प्रमाणपत्राची पडताळणी निघाली. आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता. राज्य संघटनेच्या दप्तरात निकाल आणि संघाची यादी होती म्हणून निभावलं. त्या आठवड्यात सर नीट जेवले नाहीत, हे वहिनींनी सांगितलं. आता सामना संपला की शीटचा फोटो काढून तिथल्या तिथं तिघांना पाठवायचा, असा नियम आहे. कपाटही वरच्या मजल्यावर गेलं.

कागदाचं आणखी एक दुखणं होतं, आणि ते आमचं आम्हीच ओढवून घेतलेलं. संस्था नोंदणीकृत आहे, सार्वजनिक न्यास आहे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. एका निवडणुकीनंतर तो दिलाच गेला नाही. "करू की, काय घाई आहे," असं म्हणत राहून गेलं. मग जुन्या खजिनदारांची बदली झाली, बँकेनं नव्या सह्या घ्यायला नकार दिला आणि संघटनेचे स्वतःचे पैसे संघटनेला काढता येईनात. त्या वर्षी राज्य स्पर्धेला संघ गेला तो शिक्षकांच्या खिशातून. कुणी पैसे खाल्ले नव्हते, कुणाची नियत वाईट नव्हती. एक अर्ज राहिला होता. नवी संघटना काढू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते, कारण उत्साहाच्या भरात हेच राहतं.

(दृश्य : निवड चाचणी. फर्स्ट बेसच्या रेषेत स्टॉपवॉच घेऊन उभी असलेली तरुणी.)

जिल्हा संघाची निवड ही भांडणाची जागा. आपल्या शाळेच्या मुली घेतल्या, हा आरोप दरवर्षी व्हायचा आणि कधी कधी त्यात तथ्य असायचं. आता ज्याची मुलगी किंवा विद्यार्थिनी चाचणीत आहे तो निवड समितीत बसत नाही. होम ते फर्स्ट बेस किती सेकंदांत, सेंटर फील्डवरून फेक कुठवर येते, साखळीत किती वेळा बेसवर पोचली, हे आकडे भिंतीवर लागतात. भांडणं थांबली नाहीत, पण आता ती आकड्यांवरून होतात. वगळलेली मुलगी स्वतः तक्ता वाचते आणि आपण कुठं कमी पडलो ते बघते. एकदा एकीनं तक्त्याचा फोटो काढला, मागे वळून बघितलं नाही, थेट सायकलवर बसून गेली. पुढच्या वर्षी ती संघात होती.

पंच कमी पडायचे. ते पुढं आले माजी मुलींमधूनच. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी प्लेटमागे उभी राहून एखाद्या मोठ्या शाळेच्या सरांना शांतपणे सांगते, "सर, डगआऊटमध्ये बसा," तेव्हा मला जे वाटतं ते कॅमेऱ्यात येत नाही.

स्मृती मानधना लहानाची मोठी झाली ती याच सांगलीत. त्यामुळे खेळणारी मुलगी ही इथं घराघरात कळणारी गोष्ट आहे. सॉफ्टबॉलचं तसं नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सॉफ्टबॉलचे सामने झाले, तेव्हा आम्ही फोनवर स्कोअर शोधत बसलो होतो. २००८ नंतर ऑलिंपिकमधून गेलेला हा खेळ टोकियोत परत आला, पॅरिसला पुन्हा नव्हता, २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये परत आहे. मुली हे वर्ष वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात. त्यांना मी काही म्हणत नाही.

(दृश्य : एसटीच्या खिडकीतून. उसाचे मळे मागे पडतात, माळरान सुरू होतं.)

आता साखळी सांगली-मिरजेबाहेर न्यायची आहे. जतहून सांगलीला यायला एसटीत दोन तासांच्या वर लागतात. एका सामन्यासाठी मुलींना अंधारात घरातून निघावं लागतं आणि अंधारात परत जावं लागतं. कुठला बाप पाठवेल? म्हणून या वर्षीपासून महिन्यातला एक रविवार आमचेच संघ तिकडे जातात.

जाण्याआधी तिथल्या शाळेसाठी दोरी करायची होती. सरांनी नायलॉन आणलं. मोजायला बसलेली मुलगी म्हणाली, "ताई, ही वढली की लांबतीया." सर म्हणाले, "आधी दोन झाडांच्या मधी ताणून ठेव रात्रभर. सकाळी खुणा कर." सकाळी तिनं रिबिनी बांधल्या. सव्वादहा इंचांच्या खुणेपाशी तिनं तीनदा मोजलं.

(दृश्य : पूर्व भागातलं शाळेचं मैदान. कडेला बाभूळ.)

तिथं पोचल्यावर दोरी ताणली, उजवीकडे फर्स्ट बेस नीट आला आणि डावीकडे थर्ड बेस बाभळीच्या बुंध्यात गेला. झाड तोडायचं कुणी काढलं नाही, उन्हात सावली देणारं तेवढंच एक आहे. तिथल्याच एका मुलीनं खुंटी उपटली, होम प्लेट उजवीकडे सरकवली आणि दोरी पुन्हा धरली. आता थर्ड बेस बाभळीच्या अलीकडे चार पावलांवर येतो, आणि तिथं उभी राहणारी मुलगी दुपारभर सावलीत असते.