परदेशातल्या अंगणातली केळ

श्रोतेहो, नमस्कार. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांतली पोरं आज लंडन, टोरांटोकडे आहेत. तिकडे कुणाच्या अंगणात केळ दिसली की इकडे फोटो येतो, ‘आबा, ही जात कुठली?’ आबा पानं बघतात, उंची बघतात आणि ठोकून देतात, ‘बसराई!’ म्हणजे आपली ठेंगणी जात.

उंचीवरून जात सांगू नये. गारठ्यात केळीची वाढच अडते, पानं आखूड आणि दाटीनं येतात. उंच जातसुद्धा मग ठेंगणी दिसते. त्यापेक्षा आधी विचारावं, हिवाळ्यात या झाडाचं करता काय?

बर्फातही बाहेरच उभं असतं, खुंटाला गवत गुंडाळतो, वरचं जळालं तरी उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा फुटतं, असं उत्तर आलं तर ती बहुधा जपानी केळ, मुसा बासजू. नावात जपान असलं तरी मूळची दक्षिण चीनची. केळीचा खुंट म्हणजे नुसती सोपटांची, पानांच्या बुडच्या आवरणांची, गुंडाळी; जीव असतो जमिनीतल्या कंदात, आणि हिचा कंद मोठा चिवट. फळाची आशा मात्र नको. बोटाएवढी केळी, आत काळ्या बियाच बिया.

कुंडी घरात ओढून ठेवतो, असं म्हणाले तर आबांचं बरोबर असू शकतं. तिकडे ड्वार्फ कॅव्हेंडिश म्हणतात ती आपली बसराईच. 1830 च्या दशकात इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थच्या काचघरात जोसेफ पॅक्सटन या माळ्यानं ती वाढवली आणि मालकाच्या घराण्याचं नाव तिला चिकटलं. घड पडला असेल तर ओळख सोपी आहे. फण्यांच्या खाली केळफुलापर्यंत जो दांडा लोंबतो, त्यावर वाळलेली फुलं आणि पाऱ्या, म्हणजे केळफुलाची तांबडी आवरणं, तशाच चिकटून राहतात. बऱ्याच जातींत त्या गळून दांडा उघडा पडतो.

पानं तांबूस, खुंट बुडाशी फुगलेला आणि बाजूला एकही मुनवा, म्हणजे कंदातून फुटणारं पिल्लू, नाही? मग ती खरी केळच नव्हे, आफ्रिकेतलं एन्सेट. त्याचं भावंड आपल्या घाटात आहे. पावसाळ्यात कोयनेकडच्या कड्यांवर रानकेळ दिसते ना, कवदर म्हणतात ती. तिलाही मुनवे नाहीत; एकदा फळली की संपली, पुढची पिढी बियांतूनच.

खाण्याच्या केळींचं कूळ दोन रानटी जातींतून आलंय, अ‍ॅक्युमिनाटा आणि बाल्बिसियाना. कुणाचा वाटा किती, हे ठरवायला सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी 1955 साली 15 लक्षणं नेमली, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. सगळी 15 आबांना नकोत. दोन पुरेत. पानाचा देठ आडवा कापला की वरची पन्हळ दिसते: पहिलीत ती उघडी, दुसरीत कडा आत वळून मिटलेली. आणि केळफुलाची पारी उचलल्यावर मागं गुंडाळली जाते ती पहिली, नुसती वर उचलून राहते ती दुसरी. बसराई निव्वळ पहिल्या कुळातली, सफेद वेलची दोन्हींची मिसळ.

तेव्हा पोरांना सांगा, अख्ख्या झाडाचा फोटो नको. कापलेल्या देठाचा पाठवा, खुंटाच्या बुडाचा पाठवा आणि केळफूल आलं असेल तर दांड्यासकट त्याचा. केळफूल नसेल तर नुसत्या देठावरून कुळाचा अंदाज येईल. जातीचं नाव घड पडेपर्यंत राहू द्या.