केडगावच्या छापखान्यातलं वचन

(पहाट. पुणे–दौंड लोहमार्ग. केडगाव स्टेशन.)

पुण्याहून दौंडकडे निघालं की वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. इथल्या छापखान्यात बायका आणि मुली शिशाचे खिळे जुळवायच्या. जुळत असायचं ते रमाबाईंनी मराठीत आणलेलं बायबल.

शास्त्रातल्या शब्दाचं वजन रमाबाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. आईनं संस्कृत शिकवलेलं, भागवत तोंडपाठ, आईवडिलांबरोबर पुराण सांगत देशभर पायपीट. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठीत बायबल तेव्हाही होतं. तरी स्वतःचं भाषांतर करायचं ठरल्यावर बाई हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. इतका खटाटोप कशासाठी?

(जुनं ग्रीक हस्तलिखित. कॅमेरा एका ओळीवरून सरकतो.)

बायबलात पौल या प्रेषितानं आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेली पत्रं आहेत. त्यांतल्या दुसऱ्या पत्रात पवित्र शास्त्रासाठी ‘थेओप्न्यूस्तोस’ असा शब्द आहे. देवाच्या श्वासातून आलेलं. मराठी बायबलात तो होतो ‘परमेश्वरप्रेरित’.

हे ऐकलं की आपल्याला वेदांचं अपौरुषेयत्व आठवतं. पण वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक म्हणतात वेदांना कर्ताच नाही. बायबलला कर्ते आहेत, हाडामांसाचे. येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणारा लूक आरंभीच सांगतो की मी सगळं मुळापासून शोधून लिहितोय. आणि ‘परमेश्वरप्रेरित’ हा शब्द ज्या पत्रात आहे, त्याच पत्रात पौल त्रोवसला कार्पाकडे राहिलेला आपला झगा मागवतो. येताना पुस्तकं आण, चर्मपत्रं तर आणच. हिवाळ्यापूर्वी ये. देवाच्या वचनात कैदेतल्या एका माणसाचा झगा! ही ओळ आली की मी दर वेळी थांबतो.

बायबलातलंच पेत्राचं दुसरं पत्र म्हणतं, माणसं पवित्र आत्म्यानं प्रेरित होऊन बोलली. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलातल्या पुस्तकात, २७व्या अध्यायात, वादळात वाहत चाललेल्या तारवासाठी आलं आहे. वारा तारू नेतो, तारवावरची माणसं मात्र आपापल्या स्वभावानिशी तिथेच असतात.

(पुणे. बिबवेवाडी. मग नगर रस्ता.)

शास्त्र देवाचं, म्हणून ते चुकत नाही, अशी श्रद्धा आहे. मग चुकत नाही म्हणजे नेमकं काय? १९७८ मध्ये शिकागोत जमलेल्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट, अभ्यासकांनी १९ कलमांचं निवेदन काढलं. त्यातलं दहावं सांगतं की प्रेरणा काटेकोरपणे लागू होते ती मूळ लेखाला. मूळ लेख तर आज कुणाकडेच नाहीत, आहेत त्या नकला. मार्काच्या शुभवर्तमानातली शेवटची १२ वचनं चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीतच. कॅथलिक चर्चची मांडणी वेगळी आहे. तिच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये म्हटलं, आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून ठेवायचं होतं, ते शास्त्र निर्दोषपणे शिकवतं.

दोन्ही परंपरांचं शिक्षण पुण्यात मिळतं. बिबवेवाडीत इव्हँजेलिकलांची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रस्त्यावर कॅथलिकांचं ज्ञानदीप. निर्दोषपणाची व्याप्ती किती, यावर मतभेद राहतील. मला मात्र या श्रद्धेचं एक अंग फार मोलाचं वाटतं: शब्द देवाचा मानणाऱ्याला भाषांतरावर विसंबून स्वस्थ बसता येत नाही. मुळाकडे जावंच लागतं. रमाबाईंच्या खटाटोपाचं उत्तर मला इथे सापडतं.

(पुन्हा केडगाव. दुपारची उन्हं.)

आणि मुळाकडे गेलेल्या रमाबाईंना परत यायचं होतं ते साध्या मराठीत. पंडितांना नव्हे, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला वाचता यावं म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. अखेरपर्यंत हेच काम हाती होतं.

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. दुष्काळातून, वैधव्यातून इथे आलेल्या मुली ते उलटं वाचायला शिकल्या. एक खिळा, मग दुसरा. ओळ भरली की बोटानं चाचपून बघायचं, काना-मात्रा जागेवर आहे ना.