जाड अक्षरातली पांढरी फट

मथळ्याच्या टाइपाबद्दल, म्हणजे छपाईच्या एका घडणीच्या अक्षरसंचाबद्दल, बोलायचं तर सुरुवात लाकडापासून करावी लागते. मोठं अक्षर शिशात ओतलं की ते जड व्हायचं, महाग पडायचं आणि थंड होताना त्याचा माथा सपाट राहीलच याची खात्री नसायची. १८२७ साली न्यू यॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकूड कोरायला फिरतं पातं लावलं आणि भिंतीवरच्या जाहिरातींची मोठमोठी अक्षरं स्वस्त झाली. पण गंमत बघा, गोल फिरणाऱ्या पात्याला आतला कोपरा धारदार कोरता येत नाही. तिथे गोलाई उरतेच. ती माणूस चाकूने साफ करायचा. ज्या कोपऱ्यांमुळे ही अक्षरं यंत्रातून निघाल्यासारखी वाटतात, ते कोपरे हाताचे!

१९७० साली रॉनी बाँडर आणि टॉम कार्नेस यांनी ‘मशीन’ नावाचा टाइप केला. वक्ररेषा एकही नाही. रोमन ‘ओ’सुद्धा कोपरे छाटलेला ठोकळा. त्यात नुसती कॅपिटल अक्षरं आहेत, त्यामुळे ओळीवर ओळ विटेसारखी रचता येते.

आता हेच देवनागरीत करा म्हटलं की घाम फुटतो. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार. ‘मुख्यमंत्र्यांची’ एवढा एक शब्द मथळ्यात आला की वरची ओळ वर सरकवा, खालची खाली. शिवाय शिरोरेषेचा काळा पट्टा आधीच बसलेला. ‘इ’ घ्या. शिरोरेषा, तिच्याखाली एक वळण, मग दुसरं, मग शेपूट. चार थर काळे म्हटल्यावर मधल्या पांढऱ्याला जागा कुठली? म्हणून आडव्या रेघा थोड्या बारीक कराव्या लागतात, आणि तरी बघणाऱ्याला सगळं सारखंच जाड वाटलं पाहिजे.

खरी परीक्षा ‘घ’ आणि ‘ध’ची. ‘घ’ची शिरोरेषा अखंड, ‘ध’ची डावीकडे तुटलेली, आणि तिथे एक छोटी गाठ. टाइप जाड झाला की गाठ बुजते. उरते ती शिरोरेषेतली फट. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरून तीही मिटली, तर ‘धडा’चा ‘घडा’ होतो आणि ‘भार’चा ‘मार’. माझ्या मते जाड टाइपाचा कस काळ्यात नाही, या फटीत लागतो.

इंडियन टाइप फाउंड्रीसाठी मानुषी पारीख यांनी केलेला ‘टेको’ हा देवनागरी टाइप २०१४ साली आला. फुकट आहे, पाच वजनांत, म्हणजे रेघेच्या पाच जाड्यांत आहे. वळणं चौकोनी केली आहेत, पण कोपरे गोलसर ठेवले आहेत, ‘मशीन’सारखे छाटलेले नाहीत. मला हे शहाणपणाचं वाटतं. ‘ठ’ आणि ‘ढ’ काटकोनात बसवले की त्यांची ओळखच पातळ होते.

कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींसाठी अक्षरं काढायचे, तेव्हा शेजारचं अक्षर बघून प्रत्येकाचा कोपरा ठरवता यायचा. टाइप करणाऱ्याला ती चैन नाही. त्याचा ‘ध’ कुणाच्याही शेजारी बसणार.

त्यामुळे कुणी नवा ठसठशीत टाइप दाखवला की मी त्यात चार शब्द लावायला सांगतो: धडा, घडा, इशारा, चिठ्ठी. ते खोलीच्या त्या टोकावरून वाचता आले, तर मग किंमत विचारायची.