आजीच्या डब्यातली गोळी

मित्रमैत्रिणींनो, नाताळच्या सुट्टीत दादरला बहिणीकडे होते. आजीच्या झोपेच्या गोळ्या भराभर संपत होत्या. शेवटी कळलं, दहावीतला नातू घेत होता. घरात रामायण घडलं. सगळे ओरडले तेव्हा पोरगा म्हणाला, "आजीला रोज चालते, मग मलाच का नाही? हे काय ड्रग्ज आहेत का?" बहिणीला विचारूनच हे इथे बोलतेय.

गोळी अल्प्राझोलमची. आजीचं वय, वजन, इतर औषधं बघून डॉक्टरांनी ठरवून दिलेली. पोराच्या शरीराला तिची सवय लागते. तीच गोळी कोडीनच्या खोकल्याच्या औषधाबरोबर किंवा दारूबरोबर घेतली, तर श्वास मंदावत जाऊन जीव जाऊ शकतो. आणि बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. म्हणून नुसता डबा हिसकावून भागत नाही. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

मार्च २०१४ पासून भारतात ही औषधं शेड्यूल एच-१मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या खास यादीत आहेत. पाकिटावर लाल चौकटीत सूचना असते, केमिस्टने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची असते. पण कोपऱ्यावरचा केमिस्ट ओळखीचा! "काका, आईची गोळी संपली," एवढं म्हटलं की पाकीट हातात. आणि आपण? भारतातून इकडे परदेशात परत येताना बॅगेत भाजणी, मेतकूट आणि मधल्या कप्प्यात वर्षभराच्या गोळ्या. इथे कुणाची कंबर धरली, कुणाला झोप नाही, की "माझ्याकडे आहे, घे" म्हणत आपण मुलांदेखत वाटतो. पोराने तेच तर पाहिलं! आज घरी गेल्यावर तो डबा उघडा, गोळ्या मोजा, कुलपात ठेवा. कंटाळा करू नका.

आणि मुलं काही बोलली तर आधी ऐकून घ्या. मुंबईत कुणाला गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

"आजीला चालते, मग मला का नाही?" हे त्याने वर्गातल्या दोन मित्रांनाही सांगितलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. तो आता डॉक्टरांकडे जातोय. त्या दोघांच्या आईवडिलांना मात्र अजून काहीच माहीत नाही. मी म्हटलं, आजच्या आज फोन करा. भावोजी म्हणतात, मुलांची परीक्षा होऊ दे, मग बघू. परीक्षेला अजून महिना आहे.